‘निर्वासित’ म्हटल्यावर खान्देशात डोळ्यांसमोर कोण येतं, ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एम.ए.च्या प्रबंधासाठी तुम्ही जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत ‘निर्वासितांविषयी लोकमत आणि राष्ट्रीय अस्मिता’ या विषयावर गुगल फॉर्म फिरवला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवरून तीनशेच्या आसपास उत्तरं आली. ‘निर्वासितांना देशात जागा देऊ नये’ याला बहुतेकांनी ‘सहमत’ केलं आणि त्याच लोकांनी ‘जीव वाचवून आलेल्याला आसरा देणं ही आपली संस्कृती आहे’ यालाही ‘सहमत’ केलं. मार्गदर्शक म्हणतात, उत्तरं परस्परविरोधी आहेत, टाकून द्या. आता हाताशी तीन महिने, सहा मदतनीस विद्यार्थी आणि चाळीस हजार रुपये आहेत, तर काय करावं?

ती उत्तरं टाकूनच द्या, पण कारण वेगळं आहे. ग्रुपवर फिरवलेल्या फॉर्मला कोण उत्तर देतं, हे आपल्या हातात नसतं. ज्याला विषयाचा राग आहे किंवा कळवळा आहे तो भरतो, बाकीचे पुढे सरकवतात. मधल्या लोकांचं मत त्यात येतच नाही. शिवाय ‘सहमत-असहमत’ अशी विधानं ठेवली की आपल्याकडे माणूस समोरच्याचं मन मोडत नाही. अहिराणीत ‘बरोबर शे’ म्हणून मोकळा होतो. परस्परविरोध मात्र दोष नाही. 2019-20 मध्ये देशभर सुमारे 30,000 प्रौढांच्या घरी जाऊन अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेने सर्वेक्षण केलं होतं. त्यात 84 टक्के लोकांनी सांगितलं की खरा भारतीय असण्यासाठी सर्व धर्मांचा आदर फार महत्त्वाचा. त्याच सर्वेक्षणात 64 टक्के हिंदूंनी असंही सांगितलं की खरा भारतीय असण्यासाठी हिंदू असणं फार महत्त्वाचं. दोन्ही एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदतात. तुम्हाला मिळालं ते याच जातीचं काहीतरी आहे, आणि ते नीट मोजायचं असेल तर प्रश्नच वेगळे विचारावे लागतील.

खरी अडचण ‘निर्वासित’ या शब्दात आहे. मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याचा एक अर्थ असेल, खान्देशात चार आहेत. जळगावच्या जुन्या माणसाला विचारा, त्याच्या डोळ्यांसमोर फाळणीनंतर आलेले सिंधी येतात: सिंधी कॉलनी, कापडाची दुकानं, आता तिसरी-चौथी पिढी. तळोदा-अक्कलकुव्याकडे विचारा, तिथे हा शब्द सरळ ‘विस्थापित’ला जाऊन भिडतो, म्हणजे सरदार सरोवरात ज्यांची गावं बुडाली ते. महाराष्ट्रातली 33 गावं त्या पाण्याखाली आली, सगळी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची. तिथला माणूस ‘निर्वासितांना जमीन द्यावी का’ याला हो म्हणतो तेव्हा तो आपल्या मामाच्या पुनर्वसनाबद्दल बोलत असतो, अफगाणिस्तानातून आलेल्याबद्दल नाही. हिवाळ्यात शहरात स्वेटर विकणारे तिबेटी काहींना आठवतात, आणि त्यांच्याविषयी सहसा कोणी वाईट बोलत नाही. चौथा अर्थ टीव्हीवरचा, ‘घुसखोर’. तरुण पोरांत हाच जास्त निघतो.

म्हणून पहिला प्रश्न उघडा ठेवा: “निर्वासित म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं?” पर्याय वाचून दाखवू नका. माणूस जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, शुद्ध मराठी करू नका. पुढचं सगळं विश्लेषण या एका ओळीवर उभं राहणार आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर सिंधी आले त्यांची उत्तरं वेगळी काढा, धरणग्रस्त आले त्यांची वेगळी, घुसखोर आले त्यांची वेगळी. तुमच्या पहिल्या फेरीतला परस्परविरोध बराचसा इथेच सुटेल. एका विधानाला उत्तर देताना मनात एक माणूस होता, दुसऱ्या विधानाला दुसरा.

बाकीचे शब्दही इथे दगा देतात. ‘परदेशी शेजारी चालेल का?’ हा प्रश्न पुण्यात ठीक आहे. जळगाव-धुळ्यात परदेशी हे आडनाव आहे, गल्लीत दोन घरं परदेशींची असतात, आणि उत्तर देणारा म्हणतो, “चालेल म्हणजे? आहेतच की!” ‘बंगाली’ म्हटलं की जळगावच्या सराफ्यात पश्चिम बंगालचे कारागीर डोळ्यांसमोर येतात. ते भारताचेच नागरिक, पण ‘बांगलादेशी’ आणि ‘बंगाली’ यांतला फरक विचारणाऱ्याच्या घाईत पुसला जातो, आणि आपल्या निष्काळजीपणाचा डाग त्या पोरांवर बसतो. हे मला फार लागतं, म्हणून जोर देऊन सांगतोय. अशा सर्वेक्षणाची बातमी होते, आणि बातमीची झळ आपल्याला नाही, त्यांना लागते. ‘राष्ट्रभाषा येते का’ हा प्रश्नही काढून टाका. राज्यघटनेच्या कलम 343 प्रमाणे हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असं कायद्यात काही नाही. प्रश्नातच चूक असेल तर उत्तराला अर्थ राहत नाही.

कायद्याची बाजू तुमच्या मदतनिसांना तोंडपाठ हवी, कारण लोक उलट विचारतात. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर किंवा 1967 च्या त्याच्या पूरक करारावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. कायद्याच्या नजरेत बाहेरून आलेला प्रत्येक जण ‘परकीय नागरिक’. पूर्वी 1946 च्या कायद्याखाली, आता 2025 च्या नव्या कायद्याखाली. तरीही 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले आणि त्यांना आसरा दिला गेला, 1959 नंतर तिबेटींना वसाहती दिल्या गेल्या. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान या तीन देशांतून 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन येतात, तिचे नियम मार्च 2024 मध्ये आले. मदतनिसाने एवढं माहीत ठेवायचं, पण मुलाखत संपेपर्यंत त्यातलं काही बोलायचं नाही. आधी माहिती दिली की उत्तर आपलं होतं, त्या माणसाचं राहत नाही.

आता मुख्य प्रश्न. ‘निर्वासितांना जागा द्यावी का’ असं मोघम विचारूच नका. एक कुटुंब समोर उभं करा आणि पायरी पायरीने विचारा. मजकूर असा चालेल: “अफगाणिस्तानातलं एक कुटुंब आहे. नवरा-बायको आणि दोन लेकरं. नवरा गवंडीकाम करतो. दोन वर्षांपूर्वी ते भारतात आले.” मग पायऱ्या: त्यांना काही दिवस राहू द्यावं का, लेकरांना झेडपीच्या शाळेत घ्यावं का, नवऱ्याला इथे मजुरी करू द्यावी का, रेशन द्यावं का, तुमच्या गल्लीत घर भाड्याने द्यावं का, आणि शेवटी नागरिकत्व व मतदानाचा हक्क द्यावा का. सामाजिक अंतर मोजायची ही पद्धत अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बोगार्डस यांनी 1925 साली मांडली, अजून तिच्याइतकं सोपं आणि टिकाऊ काही मिळालेलं नाही. माणूस कोणत्या पायरीवर थांबतो, ते तुमचं उत्तर. सरसकट ‘नको’ म्हणणारा माणूस शाळेच्या पायरीवर बहुधा ‘लेकरांचा काय दोष’ म्हणतो, आणि रेशनच्या पायरीवर पुन्हा अडतो. तिथे धर्म मध्ये येतो की स्वतःच्या कार्डावरचं धान्य कमी होण्याची भीती, हे तिथेच ‘का?’ विचारून लिहून घ्या.

याच मजकुरात दोन गोष्टी बदलता ठेवा: कुटुंब हिंदू की मुसलमान, आणि आलं ते जिवाच्या भीतीने की कामधंद्यासाठी. चार प्रकारचे फॉर्म होतील. देश चारही फॉर्ममध्ये अफगाणिस्तानच ठेवा. पाकिस्तान किंवा बांगलादेश घातलं की त्या नावाचं ओझं बाकी सगळं दाबून टाकतं. युरोपातल्या 15 देशांत सुमारे 18,000 लोकांवर असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. तिथे कामाला येण्याची शक्यता, माणसाच्या सांगण्यातला खरेपणा आणि धर्म, तिन्हींनी फरक पाडला होता. आपल्याकडे कशाचं वजन किती, ते तुम्हाला तसंच काढता येईल. एका गावात फॉर्म 1, 2, 3, 4 असे ओळीने वाटा. एका गावात सगळे एकाच प्रकारचे दिलेत तर गावाचा फरक आणि मजकुराचा फरक एकमेकांत मिसळतील, आणि नंतर ते वेगळे होत नाहीत.

राष्ट्रीय अस्मितेची नेहमीची पद्धत म्हणजे यादी वाचायची: भारतात जन्म, पूर्वज इथले, धर्म, भाषा, कायद्याचा आदर, स्वतःला भारतीय मानणं. मग प्रत्येकाला ‘किती महत्त्वाचं’ विचारायचं. आपल्याकडे सगळ्यालाच ‘फार महत्त्वाचं’ येतं आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा सहा चित्रपत्त्या जमिनीवर मांडा, हातात मक्याचे दहा दाणे द्या आणि सांगा, जे जास्त महत्त्वाचं त्यावर जास्त दाणे ठेवा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे लगेच जमतं. बघत राहा: पहिले पाच-सहा दाणे भराभर पडतात, मग हात थांबतो, एक दाणा धर्मावरून उचलून कायद्यावर जातो, परत येतो. तो थांबलेला हातही नोंदवा. मदतनिसाने दाण्यांकडे बघायचं, तोंडाकडे नाही, नाहीतर आजी त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर ठरवते.

यातल्या दोन पत्त्या खान्देशात अवघड जातात, त्यांची तयारी ठेवा. ‘भारतात जन्म’ म्हटलं की जळगावचा सिंधी माणूस विचारेल, आमचे आजोबा सिंधमधल्या सक्करला जन्मले, तेव्हा तोही भारतच होता, मग? घटनेच्या कलम 6 मध्ये 19 जुलै 1948 ही तारीख याचसाठी आहे. त्याआधी आलेले आणि इथेच राहिलेले आपोआप नागरिक, नंतर आलेल्यांना नोंदणी. दुसरी पत्ती ‘पूर्वज इथले’. लेवा पाटीदार, गुजर, पावरा, बंजारा या समाजांत आपण कुठून तरी आल्याची परंपरा सांगितली जाते, पावागडाचं नाव त्यात बऱ्याचदा येतं. म्हणून घराण्याचा मूळ मुलूख विचारणारा प्रश्न शेवटी ठेवा. तो आधी आला तर माणूस स्वतःला पाहुण्याच्या जागी ठेवून उत्तर देतो. ते उत्तर खोटं नाही, पण तो तुमच्या प्रश्नाने घडवलेला परिणाम आहे. तसंच अस्मितेचे दाणे आधी की कुटुंबाचा प्रश्न आधी, हा क्रम अर्ध्या फॉर्ममध्ये उलटा करा आणि फॉर्मवर नोंद ठेवा.

आता आकडे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे जळगाव 42.3 लाख, धुळे 20.5 लाख, नंदुरबार 16.5 लाख. तुमच्या पैशात 600 मुलाखती होतात, त्याच्या वर जाऊ नका. 40 ठिकाणं, प्रत्येकी 15. लोकसंख्येच्या प्रमाणात जळगावात 22 ठिकाणं, धुळ्यात 10, नंदुरबारमध्ये 8. मुलाखत पंचवीस मिनिटांची धरली तर एक मदतनीस दिवसाला सात करतो. सहा जणांच्या 42 झाल्या, म्हणजे पंधरा दिवस. प्रवास आणि चहापाणी माणशी दिवसाला 250 धरलं तर, एक दिवस जास्तीचा धरून, सोळा दिवसांचे 24,000 झाले, छपाईला 5,000, भाषा तपासणाऱ्यांना 4,000. उरलेले 7,000 राखून ठेवा, कारण 600 पैकी 60 घरी पुन्हा जाऊन मुलाखत खरंच झाली का हे तपासायचं आहे. हा खर्च वाचवायचा मोह होतो, आणि मग ओट्यावर बसून भरलेले फॉर्म सापडत नाहीत.

600 मुलाखतींवर नमुन्यामुळे येणारी साधी चूक ±4 टक्के दिसते. पण एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून ±5 ते 6 धरा. नंदुरबारच्या 120 वर ती 12 च्या पुढे जाते, तेव्हा ‘नंदुरबार जळगावपेक्षा उदार’ असलं वाक्य लिहू नका. चार फॉर्मांची थेट तुलना 150 विरुद्ध 150 ची होईल, ती कमकुवत. पण हिंदू-मुसलमान हा फरक बघताना दोन-दोन फॉर्म एकत्र येतात, 300 विरुद्ध 300. तिथे 8 टक्क्यांपेक्षा मोठा फरक असेल तर बोला, कमी असेल तर ‘फरक आढळला नाही’ एवढंच म्हणा.

घर निवडताना मतदार यादी हातात घेऊन दारात जाऊ नका. एरवी नमुन्यासाठी ती उत्तम, पण नागरिकत्वाचा विषय आणि हातात यादी म्हटल्यावर लोकांना वाटतं कागदपत्रं तपासायला आले. गावाच्या चार बाजूंनी सुरुवात करून ठरावीक अंतराने घर घ्या. घरातली व्यक्ती निवडायला ‘ज्याचा वाढदिवस जवळ’ ही पद्धत पुस्तकात असते. आपल्याकडे निम्म्या घराचा वाढदिवस शाळेने लिहिलेला 1 जून! चिठ्ठी टाका किंवा वयाप्रमाणे नावं लिहून, कितवं नाव घ्यायचं हे ठरवणारा तक्ता वापरा. सहापैकी किमान तीन मदतनीस मुली हव्यात, नाहीतर बायकांची उत्तरं नवरे देतील. शेजारी कोण बसलं होतं हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. मदतनिसाचं आडनाव आणि धर्म ऐकूनही उत्तर बदलतं, त्यामुळे कोणी कोणाची मुलाखत घेतली हा रकाना विसरू नका.

भाषेचं सांगायचं तर ‘तुम्हाला काय वाटतं’ हे अमळनेर-पारोळ्याकडे ‘तुमले काय वाटस’ असं विचारलं की माणूस सैल होतो. यावल-रावेरला लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली. मराठी प्रश्न एकाने बोलीत न्यायचा, दुसऱ्याने न बघता परत मराठीत आणायचा, आणि दोन मराठी मजकूर शेजारी ठेवायचे. जिथे जुळत नाहीत तिथे प्रश्न बिघडलाय.

वेळ कोणती, हे परिस्थितीवर आहे. सातपुड्यातून ऊसतोडीला आणि मजुरीला गेलेली माणसं दिवाळीनंतर नसतात, होळीला परततात. मधल्या काळात गेलात तर म्हातारेकोतारे भेटतील, आणि बाहेर राहून स्वतः ‘बाहेरना’ ठरण्याचा अनुभव घेतलेले नेमके सुटतील. होळीनंतर जा, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी. 15 ऑगस्टच्या आठवड्यात किंवा नंदुरबारला 9 सप्टेंबरच्या, हुतात्मा शिरीषकुमारच्या स्मृतिदिनाच्या आसपास अस्मितेचे प्रश्न विचारू नका. मोठी घटना मध्येच घडली तर काम थांबवून तारीख लिहा. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 माणसं मारली गेली आणि चार-पाच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असलेल्या तिथल्या हिंदूंना वगळलं होतं, पण गावात हा तपशील पोचत नाही. त्या आठवड्याच्या आधीची आणि नंतरची उत्तरं एका तक्त्यात मिसळता येत नाहीत.

नाजूक मुद्दा इतर मुद्द्यांत मिसळून गुपचूप मत काढण्याची ‘यादीतले किती मुद्दे पटतात, फक्त संख्या सांगा’ अशी एक पद्धत तुमच्या वाचनात येईल. 600 वर तिची चूक ±16 टक्क्यांच्या घरात जाते, उपयोग नाही. त्याऐवजी भाड्याने घर आणि नागरिकत्व हे दोन नाजूक प्रश्न रंगीत चिठ्ठीवर खूण करून बंद डब्यात टाकायला द्या. चिठ्ठीवर फक्त फॉर्म क्रमांक असू द्या, नाव नको, आणि हे त्या माणसाला आधी सांगून मगच डबा पुढे करा. मतपेटी सगळ्यांना ठाऊक असते.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत करायची नाही: समोरचं घर स्वतःच बाहेरून आलेलं निघालं तर व्हिसा, कागद, आल्याची तारीख काही विचारायचं नाही, लिहायचं नाही, फोटो नाही. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला ढकलायचं नाही, आणि टक्केवारी काढताना त्याला गाळायचंही नाही.

सुरुवात दहा माणसांपासून करा: तीन यावलला, तीन धुळ्यात, चार तळोद्याला. प्रश्न वाचा आणि म्हणा, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा. तळोद्याच्या चौघांनी धरणाची गोष्ट काढली तर काही बिघडलं नाही, पहिला प्रश्न काम करतोय. पण अफगाणिस्तानाच्या कुटुंबाचं ऐकूनही ते धरणाचंच बोलत राहिले, तर मजकुरात देशाचं नाव आणखी ठळक करा, आणि मगच छपाईला द्या.